एफसी ट्वेन्टे (महिला संघ)

नेदरलँड्समधील एनस्खेडे शहराचा व्यावसायिक महिला फुटबॉल संघ. स्थापना २००७. देशाच्या सर्वोच्च महिला साखळीचे, म्हणजे एरेडिव्हिजीचे, विजेतेपद या संघाने २०११, २०१६, २०१९, २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ असे सात वेळा मिळवले. मधल्या काळात बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची संयुक्त साखळी चालू होती, तीही दोनदा जिंकली. राष्ट्रीय करंडक २००८, २०१५ आणि २०२३ मध्ये त्यांच्याकडे आला. डच महिला फुटबॉलच्या व्यावसायिक पर्वातला हा सर्वांत यशस्वी संघ आहे, आणि तो अ‍ॅमस्टरडॅम किंवा रॉटरडॅमचा नाही, याला मोठे महत्त्व आहे.

ट्वेन्टे हा ओव्हरआयसेल प्रांताचा पूर्वेकडचा, जर्मन सीमेला लागून असलेला भाग. एनस्खेडे आणि हेंगेलो ही त्यातली मोठी शहरे. एकोणिसाव्या शतकापासून इथे कापडगिरण्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकेक करून बंद पडल्या. इथल्या लोकांना ‘टुकर’ म्हणतात आणि ते स्वतःही अभिमानाने तसेच म्हणवून घेतात. लाल पार्श्वभूमीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा ही या प्रदेशाची खूण, तीच क्लबच्या बोधचिन्हात आहे. पुरुषांचा एफसी ट्वेन्टे १९६५ मध्ये दोन स्थानिक क्लब एकत्र येऊन जन्मला. महिला संघ उभा राहायला आणखी बेचाळीस वर्षे लागली.

या विलंबाचे कारण एका क्लबपुरते नाही. डच फुटबॉल महासंघाने महिला फुटबॉलला अधिकृतपणे सामावून घेतले ते १९७१ मध्ये. त्यानंतरही खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हौशी क्लबांतून खेळत राहिल्या. २००७ मध्ये महासंघाने एरेडिव्हिजी सुरू केली तेव्हा व्यावसायिक क्लबांपैकी फक्त सहा पुढे आले : एझेड, एडीओ डेन हाग, हेरेनफेन, उत्रेख्त, विलेम २ आणि ट्वेन्टे. अ‍ॅमस्टरडॅमचा आयाक्स, रॉटरडॅमचा फेयेनूर्ड आणि आइंडहोव्हनचा पीएसव्ही या तीन बड्या नावांपैकी एकही त्यात नव्हते.

पहिली तीन विजेतेपदे एझेडने जिंकली. आणि २०११ मध्ये याच एझेडने पैशाचे कारण देऊन महिला संघ बंद केला. विलेम २ नेही तेच केले. पुढे २०१४ मध्ये उत्रेख्तही थांबले. सलग तीनदा विजेता ठरलेला संघ एका निर्णयाने नाहीसा होऊ शकतो, इतका महिला फुटबॉलचा पाया तेव्हा भुसभुशीत होता. ट्वेन्टेच्या यशाचे मूळ शोधताना आधी हीच गोष्ट सांगायला हवी की तो थांबला नाही. २०११ ला त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर प्रत्येक मोसमात संघ मैदानात उतरला.

हे चिकाटीने टिकणे सोपे नव्हते. पुरुष संघाने २०१० मध्ये आपले एकमेव साखळी विजेतेपद मिळवले होते, पण त्यानंतरच्या खर्चिक वर्षांनी क्लब कर्जात रुतला. २०१५ च्या अखेरीस महासंघाने पुरुष संघाला तीन वर्षे युरोपीय स्पर्धांपासून दूर ठेवले, आणि २०१८ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत घसरला. अशा वेळी काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा महिला संघावर पडते, हा एझेडचा धडा ताजाच होता. ट्वेन्टेत तसे घडले नाही. २०१८-१९ च्या मोसमात पुरुष दुसऱ्या श्रेणीतून वर येण्यासाठी झगडत असताना, जर्मन प्रशिक्षक टॉमी श्ट्रोट यांच्या हाताखाली महिला संघ देशाचा विजेता झाला.

क्लबचे सरावकेंद्र हेंगेलोला आहे. मोठे सामने एनस्खेडेच्या ग्रोल्श फेस्टे या तीस हजार प्रेक्षकांच्या मैदानावर होतात. डच महिला फुटबॉलचा सर्वांत मोठा दिवस याच मैदानाने पाहिला. ६ ऑगस्ट २०१७ रोजी इथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना झाला. २८,१८२ प्रेक्षकांसमोर नेदरलँड्सने डेन्मार्कला ४-२ असे हरवले. २-२ अशी बरोबरी असताना फ्रीकिकवर संघाला पुन्हा आघाडी मिळवून देणारी शेरिदा स्पित्से तेव्हा ट्वेन्टेचीच खेळाडू होती. राष्ट्रीय प्रशिक्षक सारिना विगमन यांचे सहायक आर्यान फ्योरिंक यांनीही त्याआधी ट्वेन्टेच्या महिला संघाला घडवले होते. पुढे ते विगमन यांच्याबरोबर इंग्लंडला गेले, तिथे २०२२ आणि २०२५ अशी दोन युरोपीय विजेतेपदे पाहिली, आणि मग नेदरलँड्सच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले.

गोलरक्षकांच्या बाबतीत या क्लबचे ऋण विशेष मोठे आहे. २०१९ च्या विश्वचषकात सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळवणारी सारी फान फेनेन्दाल इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला जाण्यापूर्वी ट्वेन्टेत खेळत होती. २०२२ च्या युरोपीय स्पर्धेत स्वीडनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ती जखमी झाली, तेव्हा तिच्या जागी उतरली दाफ्ने फान डोम्सेलार, ट्वेन्टेची तेव्हाची गोलरक्षक. त्या स्पर्धेने तिचे नाव युरोपभर पोहोचवले. तीही पुढे इंग्लंडला गेली आणि २०२५ मध्ये आर्सेनलसोबत चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली.

इथे घडलेल्या खेळाडू मोठ्या क्लबांत जातात, हीच या क्लबची ताकद आणि हीच त्याची रोजची अडचण. फेना काल्माने २०२१-२२ च्या साखळीत ३३ गोल केले, पुढच्या मोसमातही सर्वाधिक गोल तिचेच होते, आणि २०२३ मध्ये ती जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गला गेली. मध्यरक्षक वीके काप्टाइन २०२४ मध्ये चेल्सीत दाखल झाली. इंग्लंड आणि जर्मनीतले क्लब देऊ शकतात तेवढा पगार एनस्खेडे देऊ शकत नाही, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी संघाचा कणाच बदलतो. प्रशिक्षकही टिकत नाहीत : श्ट्रोट विजेतेपद जिंकून वोल्फ्सबुर्गला गेले. तरीही २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत चार विजेतेपदे आली. आयाक्सने उशिरा का होईना, महिला संघ उभारून २०१७, २०१८ आणि २०२३ ची साखळी जिंकली, पण सातत्यात ट्वेन्टे पुढेच राहिला. मुलींच्या वयोगटांतील संघांवर क्लबने घेतलेली मेहनत हे याचे पटणारे उत्तर आहे. गेलेल्या खेळाडूची जागा घेणारी बहुधा घरातच तयार असते.

युरोपात मात्र मर्यादा दिसतात. सर्वांत गाजलेला विजय २०१५ चा : बायर्न म्युनिकशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले, पण परक्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे ट्वेन्टे पुढे गेला. पुढच्या फेरीत बार्सिलोनाने त्यांना दोन्ही सामन्यांत १-० असे हरवले. २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगला नवा गटसाखळीचा साचा मिळाल्यावर तिथे पोहोचायला ट्वेन्टेला २०२४-२५ चा मोसम उजाडला. गटात चेल्सी, रेआल माद्रिद आणि सेल्टिक होते. सेल्टिकविरुद्धचे दोन्ही सामने जिंकून संघ तिसरा आला.

एनस्खेडेजवळच्या ओल्डेनझालमध्ये १९९७ साली जन्मलेली जिल रोर्ड किशोरवयातच ट्वेन्टेकडून पहिल्या संघात खेळली. २०१७ मध्ये ती बायर्नला गेली, नंतर आर्सेनल, वोल्फ्सबुर्ग आणि मँचेस्टर सिटी. २०२५ च्या उन्हाळ्यात, कारकीर्द ऐन भरात असताना, ती ट्वेन्टेत परत आली. डच साखळीतून बाहेर पडलेल्या या दर्जाच्या खेळाडू सहसा उतारवयात परततात. रोर्ड तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती.