ट्रान्झिस्टर की क्वार्ट्झ? सेलवर चालणाऱ्या जुन्या घड्याळांतला फरक

डायलवर आकडे नाहीत, नुसत्या बारीक रेघा. भोवती सूर्यकिरणांसारख्या लाकडी नाहीतर पितळी काड्या. मागे सेलचा खण. सांगली-मिरजेत जुनं लाकडी सामान विकणाऱ्याकडे असं घड्याळ भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं, की त्याच्याबद्दल एवढंच कळतं: "साठ सालचं आहे, सेलवर चालतं." पण सेलवरच्या घड्याळांच्या दोन जाती आहेत. एक ट्रान्झिस्टरचं, म्हणजे वीज उघडबंद करणाऱ्या इवल्या भागावर चालणारं. दुसरं क्वार्ट्झचं, म्हणजे कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालणारं. पुढून दोन्ही सारखी दिसतात. आतलं काम मात्र पार वेगळ्या तऱ्हेने चालतं, आणि किंमत, दुरुस्ती, निगा या तिन्ही गोष्टी त्यावर ठरतात.

आधी काळाचा हिशेब. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये लागला. पन्नासच्या दशकात तो घड्याळात आला आणि साठच्या दशकात युंगहान्स, किएन्झल, कुंडो या जर्मन आणि सेको, सिटिझन या जपानी कंपन्यांनी ट्रान्झिस्टरची घड्याळं घरोघरी पोचवली. आपल्याकडे ही घड्याळं थोडी उशिरा बनू लागली. मोरबीत १९७१ मध्ये सुरू झालेल्या अजंता कंपनीच्या मूळ नावातच 'ट्रान्झिस्टर क्लॉक' हे शब्द होते. क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ सेकोने २५ डिसेंबर १९६९ ला विकायला काढलं. भिंतीवरचं स्वस्त क्वार्ट्झ त्यानंतरचं. साठच्या दशकात क्वार्ट्झची मोजकी घरगुती घड्याळं होती, पण ती फार महाग. त्यामुळे "साठ सालचं" म्हणून दाखवलेल्या साध्या घरगुती घड्याळात क्वार्ट्झ मशीन निघालं, तर एक तर सालात गफलत आहे किंवा मशीन नंतर बदललेलं आहे.

आत काय चालतं

ट्रान्झिस्टर घड्याळात एक झुलणारं चक्र असतं, बॅलन्स. त्याला केसासारखी बारीक कमान, म्हणजे हेअरस्प्रिंग, आणि अंगावर छोटे लोहचुंबक. चक्राच्या वाटेत एक कॉइल पक्की बसवलेली असते. तिच्यात बहुधा दोन गुंडाळ्या असतात. चुंबक कॉइलसमोरून गेला की पहिल्या गुंडाळीत किंचित वीज उमटते, तेवढ्याने ट्रान्झिस्टर उघडतो, सेलची वीज क्षणभर दुसऱ्या गुंडाळीतून जाते आणि चक्राला पुढचा धक्का मिळतो. चावीच्या घड्याळात दातेरी चाकं बॅलन्सला ढकलतात. इथे उलटं आहे: बॅलन्सच चाकांना ढकलतो आणि काटे हलतात. म्हणून या मशीनमध्ये बॅलन्स निरोगी असेल तर निम्मं काम झालं असं समजायचं.

क्वार्ट्झमध्ये झुलणारं असं काही नसतं. गारगोटीच्या जातीचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चिप ती संख्या पंधरा वेळा निम्मी करते, की सेकंदाला एक ठोका उरतो. त्या ठोक्यावर एक इवलासा चुंबकी रोटर अर्धी फेरी घेतो आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो.

ओळखायचं कसं

सेकंदकाटा असेल तर आधी त्याच्याकडे बघा. सेकंदाला एकदा उडी मारून थांबत असेल तर क्वार्ट्झ. सेकंदात चार-पाच बारीक पावलं टाकत, किंचित थरथरत पुढे जात असेल तर ट्रान्झिस्टर. पण इथेच बरेच जण फसतात. आवाज न करणारी नवी क्वार्ट्झ मशीनं मिळतात, त्यांचा काटाही न थांबता सरकतो. म्हणून घड्याळाला कान लावायचा. मिरजेत तंबोरा जुळवणारा माणूस जसा तारेकडे बघत नाही, ऐकतो, तसं. ट्रान्झिस्टरमध्ये भरभर, एकसारखी, मऊ टिकटिक ऐकू येते. सरकत्या क्वार्ट्झमध्ये टिकटिक नसतेच, फार तर अगदी हलकी गुणगुण. साध्या क्वार्ट्झमध्ये सेकंदाला एक कोरडी 'टक्'.

सगळ्यात खात्रीची परीक्षा सेल काढण्याची. घड्याळ चालू असताना सेल उपसा. क्वार्ट्झ त्याच क्षणी थांबतं. ट्रान्झिस्टरचा बॅलन्स मात्र झोका संपेपर्यंत आणखी काही सेकंद झुलत राहतो आणि टिकटिक हळूहळू विरते. या परीक्षेला काही उघडावं लागत नाही, म्हणून दुकानदारही हरकत घेत नाही. सोबत चालू सेल मात्र घेऊन जावा, कारण दुकानातलं घड्याळ बहुतेक वेळा बिनसेलाचंच टांगलेलं असतं.

मग मागची बाजू. आजचं क्वार्ट्झ मशीन म्हणजे साधारण ५६ मिलिमीटर चौरसाची काळी प्लॅस्टिकची डबी. त्यात एक पेन्सिल सेल, काटे फिरवायची एक चकती, आणि डायलच्या बाजूने नटाने आवळलेला आट्यांचा दांडा. ट्रान्झिस्टर मशीन याहून मोठं आणि जड असतं. पितळी किंवा लोखंडी पट्ट्या, अनेकदा पारदर्शक झाकण, आणि तेज-मंद करायची एक छोटी पट्टी. तिच्यावर अधिक-उणे किंवा इंग्रजी एफ-एस (फास्ट-स्लो) अशी खूण असते. साध्या क्वार्ट्झच्या पाठीवर अशी पट्टी नसते. ट्रान्झिस्टरचा सेलखणही बहुधा मोठा, मधल्या किंवा टॉर्चच्या जाड्या सेलचा. जपानी घड्याळांत 'यूएम-१' म्हणजे जाडा, 'यूएम-२' मधला आणि 'यूएम-३' पेन्सिल सेल. व्होल्टेज तिन्हींचं दीडच. त्यामुळे मधला सेल मिळाला नाही तर प्लॅस्टिकच्या खोळीत पेन्सिल सेल घालून काम भागतं, फक्त तो लवकर संपतो.

एक तिसरी जातही मध्येच भेटते. दर काही मिनिटांनी आतून 'खट्' असा मोठा आवाज आला तर ते सेलवर स्वतःला चावी देणारं घड्याळ आहे. त्यात ट्रान्झिस्टर नसतो, तांब्याचे किंवा चांदीचे संपर्कबिंदू असतात आणि ते जळून काळे पडतात. त्याची दुरुस्ती वेगळी.

जुन्या डब्यात नवं मशीन

बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते हेच: डबा, डायल, काड्या साठच्या दशकातल्या, मशीन कालचं. डायलवर 'ट्रान्झिस्टर' असं छापलंय आणि सेकंदकाटा उड्या मारतोय, मग वेगळा पुरावा लागत नाही. नाहीतर डबा उलटा करून बघा. काळ्या डबीभोवती लाकडाचा मोठा, न काळवंडलेला चौकोन दिसतो का? रिकाम्या स्क्रूची भोकं आहेत का? डायलचं मधलं भोक कानशीने रुंदावलेलं दिसतं का? काटे डायलशी जुळतात का? मूळ काट्यांचा पितळी रंग डायलच्या रेघांशी मिळताजुळता जुना झालेला असतो. काळे, चकचकीत, हलके पत्र्याचे काटे हे नव्या मशीनसोबत आलेले.

असं घड्याळ घेऊच नये असं मुळीच नाही. डबा आणि डायल चांगले असतील तर घ्यावं, पण किंमत सजावटीच्या वस्तूची द्यावी. क्वार्ट्झ मशीन दोनशे रुपयांच्या आत मिळतं, त्याने घड्याळाची किंमत वाढत नाही. जुनं मशीन कुठे आहे हे दुकानदाराला जरूर विचारा. ते अनेकदा त्याच दुकानात एखाद्या डब्यात पडलेलं असतं. आणि सत्तरच्या दशकातलं, धातूच्या पट्ट्यांचं, त्या डब्यासोबतच आलेलं क्वार्ट्झ मशीन वेगळं. ते मूळच आहे, जपण्यासारखं आहे.

मूळचे लांब, जड काटे साध्या क्वार्ट्झवर चढवले की आणखी एक दोष दिसतो. घड्याळ अर्धा तास नीट चालतं, मग मिनिटकाटा सहाकडून बाराकडे चढताना मागे पडतो, कारण त्या छोट्या मोटरला वजन उचलवत नाही. उपाय म्हणजे जास्त ताकदीचं मशीन, किंवा काट्याच्या शेपटीला मागून समतोलापुरतं वजन लावणं.

बिघाड आणि निगा

क्वार्ट्झ बिघडलं तर ते बदलायचं, एवढंच. ट्रान्झिस्टरचं बहुतेक दुखणं बरं करता येतं, म्हणून त्यावर वेळ घालवणं सार्थकी लागतं.

पहिलं बघायचं ते सेलखणात. झिंक-कार्बनचा जुना सेल फुटला की आम्लाचा गाळ येतो, संपर्कपट्ट्या हिरव्या पडतात. त्यावर खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेल फुटला की पांढरा खडूसारखा थर येतो. त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. दोन्ही कापसाच्या काडीने, थेंबभर, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. कॉइलजवळ ओल जाता कामा नये. सेल उलटा घालणं हा या घड्याळाचा शत्रू आहे. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर उलट्या विजेने कायमचे जातात. अधिक-उण्याची खूण पुसट असेल तर आधी ती शोधा, अंदाजाने सेल घालू नका.

सेल चांगला, पट्ट्या स्वच्छ, तरी चक्र झुलत नसेल तर घड्याळ मनगटाने किंचित वळवून धक्का द्या. काही जुनी मशीनं आपणहून सुरू होत नाहीत. झुलून थांबत असेल तर दोन शक्यता. एक, घट्ट झालेलं तेल. दुसरी, चुंबकावर चिकटलेला लोखंडी कीस. कुपवाड एमआयडीसी किंवा किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी, लेथ आणि फाउंड्रीच्या शेजारी टांगलेल्या घड्याळात ही दुसरी शक्यता जास्त. कीस कुंचल्याने जात नाही, तो नुसता जागा बदलतो. खेळायची मऊ माती किंवा चिकटपट्टीचा तुकडा दाबून तो उचलावा लागतो. चिमटा पितळेचा किंवा प्लॅस्टिकचाच हवा. पोलादी चिमटा चुंबकाकडे झटकन ओढला जातो आणि हेअरस्प्रिंग वाकते. एकदा वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणारा घड्याळजी आज सहजी सापडत नाही.

तेल घड्याळाचंच, सुईच्या टोकावर मावेल एवढं, फक्त चाकांच्या खुंट्यांना. दात्यांना आणि हेअरस्प्रिंगला मुळीच नाही. गंज सोडवायचा फवारा आत मारला की घड्याळ आठवडाभर छान चालतं, मग त्या चिकट थरात धूळ बसून कायमचं जाम होतं.

धक्का देऊनही चक्र दोन-चार झोक्यांत मरत असेल तर विजेचा भाग बघा. मल्टिमीटरने दोन्ही गुंडाळ्यांची सलगता तपासा. एकही तुटलेली दाखवत असेल तर टोकाच्या डाग दिलेल्या जागी भिंगातून बघा, तार बहुतेक तिथेच हिरवी होऊन तुटते आणि पुन्हा जोडता येते. त्यानंतरचा संशयित म्हणजे वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा छोटा भाग. तेवढ्याच क्षमतेचा नवा, अधिक-उणे नीट बघून लावला की अनेक घड्याळं उठतात. ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी बदलायचा.

चालू झालेल्या घड्याळाकडून क्वार्ट्झची अचूकता मागू नका. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. ट्रान्झिस्टर दिवसाला काही सेकंद चुकणारच, आणि मे महिन्याच्या उन्हात वेगळं, श्रावणात वेगळं. पट्टी केसभर सरकवा, चोवीस तास थांबा, मोबाइलशी ताडून बघा, मग पुन्हा. सेल उतरत आला की चक्राचा झोका लहान पडतो आणि वेळ बिघडते, म्हणून चालतोय तोवर चालू द्यायचा असं न करता वर्षाला सेल बदलावा. १.२ व्होल्टचे चार्जिंगचे सेल इथे नकोत.

कृष्णाकाठी एक गोष्ट आवर्जून तपासावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीच्या गावभाग-खणभागातल्या घरांत पाणी शिरलं होतं, आणि भिजलेलं सामान पुढे बाजारात आलं. डब्याच्या आत पाण्याची आडवी रेघ, सुटलेलं प्लायवूड, स्क्रूच्या खाचेत वाळलेला गाळ दिसला तर भिंग घेऊन थेट हेअरस्प्रिंग बघा. तिच्यावर तांबूस ठिपके असतील तर ते घड्याळ चालण्याच्या आशेने घेऊ नका, सुट्या भागांसाठी घ्या. घरातलं घड्याळ भिजलं तर सेल लगेच काढा आणि मशीन पुरतं सुकेपर्यंत परत घालू नका.

प्लगवाली घड्याळं हा वेगळा विषय आहे, पण एक इशारा इथेच द्यायला हवा. भोवती काड्या असलेल्या या शैलीची सगळ्यात प्रसिद्ध घड्याळं अमेरिकी आरेखक जॉर्ज नेल्सनच्या कार्यालयाने मिशिगनच्या हॉवर्ड मिलर कंपनीसाठी केली. गोळ्यांचं 'बॉल क्लॉक' चाळीसच्या दशकाच्या अखेरीचं, आणि त्याचं आरेखन कार्यालयातल्या अर्व्हिंग हार्परचं मानलं जातं. त्यांतली प्लगवाली अमेरिकी घड्याळं ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर कॉइल जळते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

आणि जुनं ट्रान्झिस्टर मशीन काही केल्या चाललंच नाही, क्वार्ट्झ बसवायचंच ठरलं, तर काढलेलं मशीन, मूळ काटे, वॉशर, स्क्रू असं सगळं एका छोट्या पिशवीत घालून डब्याच्या आतच चिकटवून ठेवा. कॉइल जोडणारा उद्या भेटू शकतो. मात्र क्वार्ट्झच्या दांड्याला साधारण आठ मिलिमीटरचं भोक लागतं. डायलचं भोक त्याहून लहान असेल तर ड्रिल लावू नका, घड्याळ बंदच टांगा.