संरक्षित स्मारक आणि हेरिटेज इमारत: नेमके कशात अडकलात?

पुण्यात शनिवारवाड्याच्या मागच्या गल्लीत एखादी चाळीस-पन्नास वर्षांची साधी सिमेंटची इमारत असते. तिचा पुनर्विकास रखडलेला असतो आणि विचारलं की उत्तर येतं, "आमचं हेरिटेजमध्ये अडकलंय." मुंबईत मरीन ड्राइव्हवर कुणाला सज्जा बंद करून खोली वाढवायची असते, पालिकेकडून कागद परत येतात, आणि तोही हेच म्हणतो. अडकलेले दोघंही आहेत, पण दोन वेगळ्या कायद्यांत. पुण्याच्या त्या इमारतीत तर जपण्यासारखं काहीच नाही, हे तिथले रहिवासीही मान्य करतील.

त्यांना अडवतो तो १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा. निदान शंभर वर्षं जुनी आणि राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली वास्तू केंद्र सरकार संरक्षित जाहीर करतं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिची देखभाल करतं. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस, मुंबईत कान्हेरी, जोगेश्वरी आणि महाकालीची लेणी या यादीत येतात. (राज्याचा १९६०चा वेगळा कायदा आणि वेगळी यादी आहे, ती इथे बाजूला ठेवू.) इथे हेतू वास्तू आहे त्या अवस्थेत टिकवण्याचा असतो. शनिवारवाड्याचे मजले १८२८च्या आगीत गेले, उरले ते तट, दरवाजे आणि जोती. ती सांभाळायची. वर पुन्हा सात मजले चढवून आत हॉटेल काढायचं, हा विचारच या कायद्यात बसत नाही.

म्हणून संरक्षित स्मारकात माणसांनी वावरायचंच नाही, असंही नाही. जुन्या गोव्याचं बॉम जेझुस बॅसिलिका पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि तिथे आजही मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना, होते. चालत आलेला वापर चालू राहतो. मुश्कील आहे ती नवा वापर शिरवण्याची.

खरा चटका बसतो तो स्मारकाच्या बाहेर. २०१०च्या दुरुस्तीने स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित झाला आणि त्यापुढचा २०० मीटरचा विनियमित. पहिल्या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, पण पाडून पुन्हा बांधणं दुरुस्तीत मोडत नाही. दुसऱ्या पट्ट्यात बांधता येतं, परवानगी काढून. पुण्याच्या कसबा पेठेत किंवा मुंबईत जोगेश्वरीला, जिथे घराला घर चिकटलेलं आहे, तिथे १०० मीटर म्हणजे अख्खी वस्ती. घर गळतंय, जिना हलतोय, बिल्डर तयार आहे, आणि कायदा म्हणतो की डागडुजी करा. ही फूटपट्टी सगळ्या देशाला एकच आहे. माळरानावरच्या एकट्या लेण्याला ती शोभते, भरवस्तीत जाचक होते. स्मारकागणिक वेगळे नियम करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ते काम फार संथ चाललं आहे.

मरीन ड्राइव्हचं प्रकरण वेगळं. तिथे केंद्राचा कायदा नाही, शहराची विकास नियंत्रण नियमावली आहे. मुंबईत १९९५ साली हेरिटेज नियम आले, ते देशात पहिले. इमारतींची यादी झाली, श्रेणी ठरल्या, सल्ल्याला वारसा समिती नेमली गेली. श्रेणी १मध्ये आतबाहेर कुठेच हात लावायचा नाही, इमारत मजबूत करण्यापुरतंच काम. श्रेणी २-अमध्ये आतले बदल आणि नवा वापर काटेकोर छाननीनंतर चालतो. २-बमध्ये प्रसंगी त्याच आवारात वाढीव बांधकामही मिळू शकतं. श्रेणी ३मध्ये आतबाहेर बरीच मोकळीक असते, काही अटींवर पुनर्बांधणीचंही दार बंद नसतं. इमारत लोक वापरणार, हे हेरिटेज यादीने मुळात धरलेलंच आहे. राहा, दुकान थाटा, कार्यालय करा, लिफ्ट बसवा, पण विचारून.

यादीतली इमारत कामातून निवृत्त होत नाही, अगदी श्रेणी १मधलीसुद्धा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रोज किती गर्दी उतरते ते मुंबईकराला सांगायला नको. ऑपेरा हाऊस खासगी मालकीचं. ते १९९३ला बंद पडलं, पुढे नीट दुरुस्त झालं आणि २०१६ला नाटक-संगीतासाठी पुन्हा उघडलं. चर्चगेटचं १९३८चं इरॉस २०२४मध्ये आयमॅक्सचा पडदा घेऊन परतलं. बाहेरचा चेहरा तोच, आतलं बरंच नवं. आतलं इतकं बदलावं का यावर जाणकारांत दुमत आहे. माझ्या मते थिएटर थिएटर राहिलं हेच मोठं आहे, नाहीतर असल्या जागेवर काय उभं राहतं ते आपण पाहतोच.

दोन्ही गोष्टी एकच समजल्या की काय होतं ते शिवाजी पार्कने दाखवलं. २०१२ साली मुंबईच्या यादीत आणखी इमारती आणि परिसर घालायचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्कही होतं. रहिवासी खवळले. आता घराला खिळासुद्धा ठोकता येणार नाही, अशी भीती पसरली. ती भीती श्रेणी ३च्या नियमांना धरून नव्हती. ती संरक्षित स्मारकाची होती, चुकून इकडे आलेली.

पण त्या भीतीत एक खरी गोष्टही होती, ती म्हणजे पैसा. स्मारकाची देखभाल सरकार करतं, झळ शेजाऱ्याला बसते. हेरिटेज इमारतीत शेजारी बहुधा सुटतो, ओझं मालकावर येतं. बुडालेल्या चटईक्षेत्राबद्दल, म्हणजे नियमामुळे बांधता न आलेल्या जागेबद्दल, हस्तांतरणीय विकास हक्क (तेवढं बांधकाम दुसरीकडे करण्याचा किंवा विकण्याचा हक्क) देण्याची सोय नियमांत आहे, पण भाडं नाममात्र, भाडेकरू शेकड्याने आणि काम महाग. जुन्या भिंती चुन्यात रचलेल्या असतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, म्हणून चुन्याचंच काम करावं लागतं आणि ते जाणणारा गवंडी सहज सापडत नाही. काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, पाहा. बिडाच्या लोखंडी सांगाड्याची ही इमारत श्रेणी २-अमध्ये आहे. यादीत नाव असूनही ती खंगत गेली, २०१९मध्ये धोकादायक म्हणून रिकामी झाली, आणि पाडायची की दुरुस्त करायची हा वाद न्यायालयात पोहोचला. पाडण्याला यादी अडथळा आणू शकते, दुरुस्तीला पैसे देऊ शकत नाही.

युनेस्कोचा शिक्का हा तिसराच मामला. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक इमारती आणि मरीन ड्राइव्हपर्यंतच्या आर्ट डेको इमारती २०१८मध्ये जागतिक वारसा झाल्या. त्याने मान वाढला, जबाबदारी वाढली, पण तुमची खिडकी अडवणारा नियम पालिकेचाच.

जुन्या भागात घर घ्यायचं किंवा पुनर्विकासाच्या कागदांवर सही करायची असेल तर दोन्ही तपासा. हेरिटेजसाठी पालिकेच्या यादीत इमारतीचं नाव आणि श्रेणी पाहायची, आणि इमारत नसली तरी परिसर यादीत आहे का तेही. स्मारकासाठी अंतर मोजायचं. ते स्मारकाच्या भिंतीपासून धरत नाहीत, संरक्षित हद्दीपासून धरतात, त्यामुळे गूगलच्या नकाशावर ११० मीटर दिसणारं घर प्रत्यक्षात पट्ट्याच्या आत निघू शकतं. आणि कसब्यातला एखादा वाडा पालिकेच्या यादीतही असेल आणि शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आतही, तर दोन्हीकडची परवानगी लागते. एक मिळाली म्हणून दुसरी माफ होत नाही.