चाकू घेताना: पोलादाचा कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा

न दुमडणारा, सलग पात्याचा चाकू बघायला लागलं की माहितीत एक आकडा हमखास दिसतो: ५८ एचआरसी, ६१ एचआरसी. आकडा जितका मोठा तितका चाकू मजबूत, असं धरून बरेच जण पैसे मोजतात. पण तो आकडा फक्त कठीणपणाचा असतो. पातं मोडेल की तग धरेल हे चिवटपणावर ठरतं, आणि त्याबद्दल तो आकडा जवळपास काहीच सांगत नाही.

कठीणपणा म्हणजे दाबाखाली खड्डा न पडू देण्याची क्षमता. एचआरसीचा आकडा येतो तो रॉकवेल चाचणीतून: तीत हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने धातूत रुतवतात आणि तो किती खोल गेला ते मोजतात. २ मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक अंक, एवढं बारीक हे मोजमाप. चिवटपणा मोजायला मात्र जड लंबक सोडून नमुना चक्क तोडावा लागतो आणि तोडताना किती ऊर्जा खर्ची पडली ते बघतात. काच कठीण असते, चिवट नसते. एवढं लक्षात ठेवलं तरी गोंधळ बराच मिटतो.

दोन्ही गुण ठरतात ते पात्याला पाणी देताना, म्हणजे तापवून थंड करताना. लालभडक तापवलेलं पोलाद तेलात बुडवलं की ते अतिशय कठीण होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवतात. थोडा कठीणपणा जातो, त्या बदल्यात चिवटपणा येतो. त्यामुळे एकाच पोलादाचे दोन चाकू अगदी वेगळ्या स्वभावाचे निघू शकतात. नुसतं पोलादाचं नाव वाचून चाकू घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी.

वापरलेल्या चाकूची धार दिव्याखाली वर करून धरा. चांगली धार चमकत नाही, ती रेघ दिसतच नाही. कुठे सलग चकाकी दिसली आणि बोट पात्याच्या बाजूने अलगद धारेकडे नेल्यावर कड नखाला अडकली, तर धार वळली आहे: पोलाद कामाच्या मानाने मऊ. चकाकी ठिपक्याठिपक्यांची असेल आणि तिथे बारीक खाचा असतील, तर टवके उडाले आहेत: पोलाद कामाच्या मानाने ठिसूळ, किंवा धार फार पातळ काढलेली. वळलेली धार दगडावर लवकर सरळ होते. टवका घालवायला मात्र अख्खी धार मागे घासत न्यावी लागते.

लाकूड फोडायचं, पात्याच्या पाठीवर ठोके मारायचे, फांद्या तोडायच्या असतील तर चिवटपणाला झुकतं माप द्या. ५१६० हे स्प्रिंगचं पोलाद किंवा ५६-५८ एचआरसीवर ठेवलेलं १०९५ हे साधं कार्बन पोलाद अशा कामाला उत्तम. दोन्ही गंजतात, पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. दोर कापणं, मांस-मासे साफ करणं, लाकडावर बारीक तासकाम यांत धक्का नसतो. तिथे ६० किंवा त्यावरचा कठीणपणा आणि पातळ पातं खरोखर सुख देतं.

बजेट कमी असेल तर साधं पोलाद आणि नीट पाणी दिलेलं पातं, हीच जोडी धरा. मोरा या स्वीडिश कंपनीच्या अनेक चाकूंतलं १२सी२७ हे स्टेनलेस याचा चांगला नमुना: धार पटकन लागते, टवके सहसा उडत नाहीत. त्याच सुमाराच्या पैशांत डी२ या पोलादाचे चाकू खुणावतात. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. त्यातून तयार होणारे कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कण टणक, म्हणून धार खूप टिकते. पण ते कण मोठे असतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. कापाकापीला डी२ जरूर घ्या, ठोकाठोकीला नको. बजेट मोठं असेल तर सीपीएम ३व्ही सारखं पावडरपासून बनवलेलं पोलाद बघा. त्यात हे कण बारीक आणि सारखे पसरलेले असतात, म्हणून ६० च्या आसपास कठीणपणा ठेवूनही ते दणके सोसतं. तेही पूर्ण स्टेनलेस नाही.

मूठही तपासा. ठोकाठोकी करायची असेल तर पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीचं गेलेलं हवं. नुसत्या कापाकापीला मुठीत अर्ध्यापर्यंत गेलेलं अरुंद शेपूट पुरतं, आणि चाकू हलकाही राहतो.