लाट उलटली तरी चाक उलटत नाही

टर्बाइन म्हटलं की आपल्या विदर्भात चंद्रपूर नाहीतर कोराडी आठवतं. तिथलं काम सरळ आहे. कोळसा जाळायचा, वाफ करायची, ती पात्यांवर सोडायची. वाफ एकाच बाजूनं येते, म्हणून चाकही एकाच बाजूला फिरतं. समुद्राच्या लाटेला असं वळण नाही. ती आठ-दहा सेकंदांत चढते आणि उतरते.

लाटेतून वीज काढायची एक रीत अशी. किनाऱ्यावर काँक्रीटची खोली बांधायची, पाण्याखाली समुद्राकडे उघडी. लाट आली की आतलं पाणी चढतं आणि वरची हवा अरुंद नळीतून बाहेर ढकलली जाते. लाट ओसरली की हवा त्याच नळीतून परत आत ओढली जाते. टर्बाइन या नळीत बसतं. त्याला फिरवते हवा, पाणी नाही. (खारी हवा लोखंड खातेच, तो भाग वेगळा.)

अडचण कुठे येते ते मे महिन्यात लाईन गेल्यावर खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं की कळतं. बाहेरून वावधन सुटलं की पंखा एका बाजूनं फिरतो. घरातून उलटा झोत आला की थबकतो आणि उलटा फिरतो, कारण पाती तिरपी असतात. असा पंखा त्या नळीत लावला तर दर चार-पाच सेकंदांनी उलटेल आणि जनरेटर कधी वेगच घेणार नाही.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात हा तिरपेपणाच काढून टाकला. पाती चाकाच्या पातळीत सपाट ठेवली, म्हणजे हवेच्या वाटेत आडवी. आकार दोन्ही अंगांनी सारखा, पुढची कड गोल, मागची निमुळती. चाक वेगात असलं की पात्याला हवा जवळजवळ समोरून, जराशी तिरपी लागते. त्यातून विमानाच्या पंखासारखी उचल मिळते आणि ती थोडी पुढे झुकलेली असते. तेवढाच पुढचा रेटा चाक फिरवतो. हवा वरून येवो की खालून, रेटा पुढेच. वाचून हे पटकन पटत नाही, कागदावर बाण काढून पाहावं.

फुकट मात्र काही मिळत नाही. थांबलेल्या पात्यावर हवा नुसती सपाट आदळते, म्हणून सुरुवातीला चाक बहुधा विजेनंच फिरवून द्यावं लागतं. लाट फार मोठी आली तर हवा पात्याला धरून वाहत नाही आणि रेटा एकदम पडतो. त्यासाठी जादा हवा सोडायला झडप ठेवतात. शिवाय आवाज मोठा.

केरळात विळिंजमला आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं १९९१ मध्ये १५० किलोवॉटचं असं केंद्र उभं राहिलं. १५० किलोवॉट म्हणजे वावरातले पाच एचपीचे चाळीसेक पंप, तेही समुद्र पुरता जोरात असेल तेव्हा. पुढे तिथेच इम्पल्स टर्बाइनही तपासलं गेलं. त्यात चाकाच्या दोन्ही बाजूंना वाकड्या पट्ट्या असतात. हवा कुठूनही आली तरी पट्टी तिला योग्य कोनात वळवून पात्यावर सोडते. हे चाक सुरू व्हायला अडत नाही आणि कमी वेगातही चालतं.

माझ्या मते पात्यांपेक्षा मोठं दुखणं आहे बांधकामाचा खर्च. स्पेनमधल्या मुत्रिकु बंदराला लाटा अडवणारा बांध तसाही बांधायचाच होता. त्यांनी त्यातच खोल्या काढून १६ वेल्स टर्बाइन बसवली. २०११ मध्ये ती सुरू झाली, सगळ्यांची मिळून क्षमता ३०० किलोवॉटच्या आसपास.