पोर्तुगालला निघताना जिभेवर बसवायचे शब्द

नमस्कार मंडळी,

व्हिसा, विमा, गरम कपडे यांची यादी तुम्हाला वेगळी दिलीच आहे. हे पत्रक फक्त बोलण्याबद्दल. लिस्बन आणि पोर्तो या शहरांत इंग्रजीवर काम भागतं. पण गल्लीतल्या छोट्या कॅफेत शिरताना ‘बों दीअ’, म्हणजे ‘सुप्रभात’, म्हटलं, की काउंटरमागच्या आजी मान वर करून बघतात आणि त्यांना इंग्रजी येत नसलं तरी हातवारे करून रस्ता समजावतात. आमच्या प्रत्येक सहलीत हे घडलं आहे, म्हणून एवढा आग्रह.

ॲपवर शिकत असाल तर

बऱ्याच ॲपवर ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. ती पोर्तुगालमध्ये समजते, पण शब्द बरेच वेगळे आहेत. आगगाडी ब्राझीलमध्ये ‘त्रें’, पोर्तुगालमध्ये ‘कोंबॉयु’. बस तिकडे ‘ओनिबुस’, इकडे ‘आउतुकार्रु’. ‘रपरीगा’ म्हणजे पोर्तुगालमध्ये साधी मुलगी. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत मात्र ती शिवी आहे. उच्चारही निराळे. पोर्तुगालची माणसं मधले स्वर गिळतात आणि शब्दाच्या शेवटच्या ‘स’चा ‘श’ करतात. लिस्बनजवळच्या समुद्रकाठच्या गावाचं नाव पाटीवर वाचून तुम्ही ‘कास्काइस’ म्हणाल, स्टेशनवर ऐकू येईल ‘कश्काइश’.

उच्चार वहीत देवनागरीतच लिहून घ्या. पोर्तुगीज ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे असतात, ‘ट’ आणि ‘ड’ नव्हेत. ‘नाही’ला ते ‘नांव’ म्हणतात, नाकातून. कोकणातल्या माणसाला हे शिकवावंच लागत नाही.

शब्दही सगळे परके नाहीत. वसई १७३९ पर्यंत आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे बरेच शब्द आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तिथल्या बाजारात बटाटा ‘बताता’च आहे, अननस ‘अननाश’, पाव ‘पांव’. हॉटेलात खोलीची चावी मागायची तर ‘शाव’ म्हणा. ‘पगार’ हा शब्दही त्यांच्या ‘पगार’वरून आला, तिथे त्याचा अर्थ पैसे देणे.

मागायचं कसं

मराठीत आपण दुकानात ‘जरा माहिती हवी होती’ म्हणतो. हवी आत्ताच असते, पण ‘होती’ म्हटलं की मागणं मऊ होतं. पोर्तुगीजमध्ये अगदी हेच करतात. ‘केरीअ ऊं कफे’ म्हणजे ‘एक कॉफी हवी होती’. शेवटी ‘स फाश फवोर’, म्हणजे ‘कृपया’, जोडा. घाईत लोक त्याचं ‘फाश्फवोर’ करतात आणि वेटरला बोलवायलाही तेच वापरतात. चुटकी वाजवून किंवा ‘शुक शुक’ करून बोलवू नका, ही कळकळीची विनंती.

आभार मानताना पुरुषांनी ‘ओब्रिगादु’ आणि बायकांनी ‘ओब्रिगादा’ म्हणायचं. समोर कोण आहे हे पाहायचं नसतं, बोलणारा कोण हे पाहायचं. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत फरक करणाऱ्या आपल्याला हे एकदा सांगितलं की पुरतं.

ॲपवर ‘तुम्ही’साठी ‘वोसे’ शिकला असाल. पोर्तुगालमध्ये तो शब्द बऱ्याच जणांना उद्धट वाटतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना पुरुषाला ‘उ सिन्योर’, बाईंना ‘अ सिन्योरा’ म्हणा.

कॉफी, जेवण आणि शाकाहारी मंडळी

नुसतं ‘कफे’ म्हटलं की छोट्या कपात कडक काळी कॉफी येते. लिस्बनमध्ये तिला ‘बीका’ म्हणतात. भरपूर दूध हवं असेल तर ‘गलांव’ मागा, उंच काचेच्या पेल्यात येईल.

बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर ‘नांव, ओब्रिगादु’ म्हणून परत पाठवा, कुणी रागावत नाही.

शाकाहारींनी हे वाक्य पाठच करावं: ‘नांव कोमु कार्न नें पैश’, मी मांस खात नाही आणि मासेही नाही. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ताटात बकल्याव, म्हणजे कॉड मासा, येऊ शकतो. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाट्याचं आणि हिरव्या पानांचं सूप दिसायला साधं असतं, पण त्यात ‘शोरीसु’ची चकती असते. गोव्यात मिळतो तोच डुकराच्या मांसाचा सॉसेज, त्यांच्या घरचा. आणि सगळ्यांना आवडणाऱ्या ‘पश्तेल द नाता’च्या पिवळ्या गाभ्यात अंड्याचा बलक असतो. अंडं न खाणाऱ्यांनी ‘सें ओवुश’, म्हणजे ‘अंड्याशिवाय’, म्हणायची सवय ठेवा.

ऐकू येतील, पण जपून वापरा

तरुण पोरांच्या तोंडी ‘फिश’ सतत ऐकाल: म्हणजे ‘भारी’. ‘ब्वे फिश’ म्हणजे ‘लय भारी’. हा ‘ब्वे’ अंगोलाच्या किंबुंदू भाषेतून आला आहे. ‘पा’ म्हणजे आपलं ‘अरे’, ‘यार’. ‘बोरा’ म्हणजे ‘चला’. हे शब्द समजले की मजा येते, पण दुकानदाराशी किंवा वयस्कर माणसाशी ते बोलू नका. ‘पॉइश’ मात्र बिनधास्त म्हणा. आपण फोनवर ‘हं… हं…’ करतो, तसा तो हुंकार आहे.

दोन फसवे शब्द

दुकानाच्या दारावर एक शब्द असतो, उच्चार ‘पुश’. अर्थ मात्र ‘ओढा’! मागच्या सहलीत आमचे एक काका पोर्तोत दार ढकलत राहिले आणि आतली बाई हसत हसत बाहेर आली.

औषधाच्या दुकानात ‘कोंश्तिपादु’ ऐकलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ सर्दी झालेला. पोट साफ होत नसेल तर ‘प्रिझांव द व्हेंत्र’ म्हणायचं. तातडीच्या मदतीसाठी फोन ११२.

निघण्याआधीच्या रविवारी आपण ऑफिसात जमणार आहोत. तेव्हा ही वाक्यं दोनतीनदा मोठ्याने म्हणून घेऊ. शाकाहारींसाठी वेटरला दाखवायचं पोर्तुगीज कार्ड त्याच दिवशी देऊ. जैन मंडळींनी कांदा, लसूण आणि बटाट्याचं आधी कळवावं, म्हणजे ते कार्डावर छापता येईल.