एकाच वर्षी दोन गणेश चतुर्थ्या कशा?

२०२३ साली रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काही घरांत गणपती २० ऑगस्टला बसले आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडे १९ सप्टेंबरला. आधी बसवणारी घरे टिळक पंचांग मानणारी, बाकीची नेहमीच्या पंचांगावर चालणारी. असे झाले की खरी चतुर्थी कोणाची यावर वाद होतो आणि शेवटी ‘त्यांचं गणितच चुकलंय’ असे सांगून तो मिटवला जातो. गणित कोणाचेच चुकलेले नसते. अमावास्येचा क्षण दोन्ही पंचांगांत तोच असतो. फरक आहे तो आकाशात मोजणी कुठून सुरू करायची याचा, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, ऋतूंचे चक्र मात्र ३६५ दिवसांचे. दरवर्षी जवळपास ११ दिवसांची तूट पडते. या तुटीचे काय करायचे, याची निरनिराळी उत्तरे कोकणच्या किनाऱ्यावर शेजारी-शेजारी नांदतात. कोकणी मुसलमानांची हिजरी कालगणना तूट भरून काढतच नाही. म्हणून ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरते. अलिबागकडच्या बेने इस्रायलींच्या ज्यू कालगणनेत १९ वर्षांत ७ जादा महिने घालतात, तेही चक्रातल्या ठरलेल्या वर्षीच. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांत जेमतेम दोन तासांचा फरक आहे, म्हणून हे चक्र इतके चांगले जुळते. त्यांचा पुरीम आणि आपला शिमगा दोन्ही पौर्णिमेच्या आसपासचे सण असल्याने बहुतेक वर्षी हातात हात घालून येतात. २०२१ मध्ये मात्र पुरीम २६ फेब्रुवारीला झाला आणि होळी २८ मार्चला, कारण २०२० मध्ये आपल्याकडे अधिक आश्विन आला होता आणि ज्यू वर्षात जादा महिना नव्हता.

हिंदू पंचांग जादा महिन्याचे वर्ष आधी ठरवून ठेवत नाही. ते सूर्याकडे पाहते. सूर्य मेष राशीत शिरतो तो चांद्रमास चैत्र, वृषभेत शिरतो तो वैशाख, कर्केत शिरतो तो आषाढ, सिंहेत शिरतो तो श्रावण. ज्या चांद्रमासात सूर्य कोणत्याच नव्या राशीत शिरत नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच नाही, तो अधिक. त्याला पुढच्या महिन्याचे नाव मिळते. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर आणि म्हणून सर्वांत संथ असते. त्यामुळे त्या सुमारास सूर्याला एक रास ओलांडायला साडेएकतीस दिवस लागतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. अशा वेळी दोन संक्रांतींच्या मधे अख्खा चांद्रमास सहज मावतो, म्हणून अधिक महिने बहुधा चैत्र ते आश्विन यांतच पडतात. हिवाळ्यात सूर्याची चाल जलद असल्याने क्वचित एका चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि एक महिनाच गळतो. १९८२-८३ मध्ये असा क्षयमास आला होता.

हे इतके साधे यंत्र आहे. तरी धोंड्याचा महिना आला की लग्न नको, घर नको, नवीन नाव पाण्यात उतरवू नको, असे सुरू होते. २०२३ मध्ये ‘१९ वर्षांनी दुर्मिळ योग’ असे संदेश फोनवरून फिरत होते. २००४ मध्येही अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असाच होता, आणि त्याचे कारण वर सांगितलेले १९ वर्षांचे चक्र आहे. आकाशात त्या महिन्यात काहीही अशुभ घडत नाही. घडते ते आपल्या व्यवहारात. मासेमारीची बंदी कायद्याने ३१ जुलैला उठली, पण नारळी पौर्णिमा गेली ३० ऑगस्टला.

आता मूळ प्रश्न. २०२३ मध्ये अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी होती आणि नेहमीच्या पंचांगात सिंह संक्रांत १७ ऑगस्टला दुपारी. एका दिवसाच्या आतबाहेर सूर्य चुकला! त्यामुळे संपलेल्या महिन्यात संक्रांत नाही, तो अधिक श्रावण ठरला. टिळक पंचांगात हीच संक्रांत १३ ऑगस्टच्या सुमारास येते, म्हणजे अमावास्येच्या आधी. मग तो महिना सरळ श्रावण झाला, पुढचा भाद्रपद, आणि गणपती २० ऑगस्टला.

चार दिवस कुठून आले? राशिचक्राचा शून्य अंश दोघांनी वेगळ्या ताऱ्यावरून धरला आहे. नेहमीच्या पंचांगात चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू शून्य, टिळक पंचांगात रेवतीचा योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राची खूण म्हणून धरलेला तारा, शून्य. दोन्ही बिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे आणि सूर्य दिवसाला जवळपास एक अंश चालतो. वसंतसंपात बिंदू, म्हणजे मार्चमध्ये दिवसरात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो ती जागा, ताऱ्यांमधून दरवर्षी ५०.३ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मागे सरकते, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा झुलतो. एक झोका सुमारे २५,८०० वर्षांचा. संपात मागे सरकून आज शून्यबिंदूपासून जितका दूर गेला तो अयनांश. चित्रेच्या हिशेबाने तो सुमारे २४ अंश आहे, रेवतीच्या हिशेबाने २०. म्हणजे संपात आणि शून्यबिंदू एकत्र होते, तो काळ चित्रापक्षाने तिसऱ्या शतकात येतो, रेवतीपक्षाने सहाव्या. दोन चतुर्थ्यांमधला वाद वस्तुतः या जवळपास तीनशे वर्षांचा आहे. आकाश त्याचा निकाल देऊ शकत नाही. चित्रा ठळक आहे, उन्हाळ्यातल्या रात्री किनाऱ्यावरून सहज ओळखता येते. रेवतीचा योगतारा अंधुक, जेमतेम डोळ्यांना दिसणारा.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रेच्या बाजूने कौल दिला आणि तिने सुचवलेले राष्ट्रीय कॅलेंडर २२ मार्च १९५७ पासून सुरू झाले. पण दोन्ही पंचांगे ताऱ्यांनाच धरून असल्याने ती ऋतूंपासून सुमारे ७१ वर्षांत एक दिवस सरकतात. हजार वर्षांत गणपती आणखी चौदा दिवस उशिरा, पावसाच्या शेवटाकडे गेलेले असतील.

पुढच्या अधिक महिन्यात दोन्ही पंचांगे शेजारी ठेवा. तो महिना ज्या अमावास्येला संपतो तिची वेळ पाहा आणि नेहमीच्या पंचांगातली तिच्यानंतरची पहिली संक्रांत पाहा. ती चार दिवसांच्या आत असेल, तर दोघांचे महिने फुटतात ते तिथेच.