पुढच्या फंक्शनकडे आर्ग्युमेंट पाठवणे आणि तिरप्या रेघेचा वाद

नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी लिहिलेल्या पायथन कोडमध्ये एक फंक्शन हमखास सापडतं. दुसऱ्या कुठल्यातरी फंक्शनला हाक मारायची, नेटवर्क तुटलं तर पुन्हा मारायची, आणि आलेले आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमती, जसेच्या तसे पुढे सरकवायचे. आतलं फंक्शन मशीनचं रीडिंग घेणारं असो की लासलगावचा कांद्याचा भाव खेचणारं, वरचा रॅपर, म्हणजे त्याला गुंडाळणारं फंक्शन, तोच. एक स्टार (*) जागेनुसार आलेले उरलेले आर्ग्युमेंट ट्यूपल नावाच्या यादीत गोळा करतो, दोन स्टार (**) नावानिशी आलेले डिक्शनरीत; याहून जास्त इथे उगाळत नाही.

जुना काळ थोडक्यात आटपू. नावानिशी द्यायचे आर्ग्युमेंट १९९५ साली पायथनच्या १.३ आवृत्तीत आले. हातातलं ट्यूपल आणि डिक्शनरी फंक्शनला पोचवायची तर तेव्हा ॲप्लाय हे बिल्ट-इन वापरावं लागे. २००० साली हाक मारतानाच स्टार लावायची सोय झाली आणि ॲप्लायचं काम संपलं. २.३ पासून ते कालबाह्य ठरलं, ३.० मध्ये काढूनच टाकलं, आणि कुणी फारसं हळहळलं नाही. २००४ साली २.४ सोबत डेकोरेटरची, म्हणजे फंक्शनच्या डोक्यावर @ लावून त्याला रॅपर चढवायची, मांडणी आली आणि रॅपर लिहिणं रोजचंच झालं.

खरी गोम त्यानंतर लोकांच्या लक्षात यायला लागली. समजा रॅपरचं सिग्नेचर, म्हणजे नाव आणि पॅरामीटरची यादी, असं आहे:

पुन्हा(जॉब, *मोकळे, **नावाचे)

पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, त्यामुळे हे शोभेपुरतं लिहिलेलं नाही. इथे ‘जॉब’ म्हणजे जे फंक्शन चालवायचं ते. आता वर्कशॉपमध्ये जॉब म्हणजे मशीनवर लावलेला नग, आणि नोंद ठेवणाऱ्या फंक्शनला त्याच नावाचा पॅरामीटर असणार हे उघड आहे. मग अशी हाक जाते:

पुन्हा(नोंद, "लेथ", जॉब="शाफ्ट")

आणि टाइपएरर येतो: ‘जॉब’ला एकाहून जास्त किमती मिळाल्या. ‘शाफ्ट’ आतल्या फंक्शनसाठी होता, पण रॅपरच्या दारातच अडला. दोन्ही फंक्शनं आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच ही चूक शोधताना डोकं पिकतं.

यावरची जुनी युक्ती कुरूप होती. रॅपरने स्वतःचा एकही पॅरामीटर नावाने जाहीर करायचा नाही. सगळं एका स्टारमध्ये गोळा करायचं, आत गेल्यावर पहिला घटक काढून त्यालाच फंक्शन समजायचं. खुद्द स्टँडर्ड लायब्ररीत, मोजदाद करणाऱ्या काउंटर क्लासमध्ये, ‘सेल्फ’ (मेथडला मिळणारा तो ऑब्जेक्ट स्वतः) सुद्धा असाच आतून काढलेला होता. कारण कुणी ‘सेल्फ’ हाच शब्द मोजायला दिला तर? या युक्तीने टक्कर टळायची, पण हेल्पमध्ये सिग्नेचरच्या जागी नुसते स्टार दिसायचे आणि आर्ग्युमेंट कमी पडल्याचा एरर हाताने लिहावा लागायचा.

उपाय होता तिरप्या रेघेचा (/): रेघेच्या डावीकडचे पॅरामीटर फक्त जागेनुसार घ्यायचे, त्यांचं नाव बाहेरच्यांना वापरता येणार नाही. स्टारच्या उलट काम, म्हणून गुणाकाराच्या उलट भागाकाराचं चिन्ह. पायथनमध्ये बदल सुचवणाऱ्या प्रस्तावांपैकी (पेप) क्रमांक ४५७ चा प्रस्ताव २०१३ चा, पण भाषेत रेघ यायला ३.८ उजाडावं लागलं, म्हणजे ऑक्टोबर २०१९, आणि तीही क्रमांक ५७० च्या नव्या प्रस्तावातून. विरोधकांचं म्हणणं असं की रेघ दिसायला विचित्र आहे, शिकणारा गोंधळेल, आणि नावानिशी हाक वाचायला सोपी असते, ती सोय का काढून घ्यायची? शेवटचा मुद्दा रास्त होता. पहिले दोन मला फारसे पटत नाहीत. लांबी मोजणाऱ्या लेनसारखी सीमध्ये लिहिलेली फंक्शनं आधीपासूनच नावाने आर्ग्युमेंट घेत नव्हती आणि त्यांच्या हेल्पमध्ये ही रेघ ३.८ च्या आधीपासून छापलेली दिसायची. म्हणजे वाचायची सगळ्यांनी, लिहायची मुभा मात्र कुणालाच नाही. मध्यंतरी टाइप चेकरसाठी (कोड न चालवता किमतींचे प्रकार तपासणाऱ्या हत्यारासाठी) नावाआधी दोन अंडरस्कोर लावायचा संकेत निघाला, पण चालत्या प्रोग्रामला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

रेघ आल्यावर काउंटरमधली ती युक्ती गेली. थ्रेड पूलच्या सबमिटसारख्या, दुसऱ्याचं फंक्शन चालवणाऱ्या बऱ्याच मेथडना पहिला पॅरामीटर नावाने देणं ३.८ मध्येच कालबाह्य ठरलं आणि २०२० च्या ३.९ पासून बंद झालं. आपला रॅपर आता असा:

पुन्हा(जॉब, /, *मोकळे, **नावाचे)

वरची ‘शाफ्ट’वाली हाक यात बिनबोभाट जाते.

ही टक्कर सगळ्यांनी एकाच पद्धतीने टाळलेली नाही. एकाच वेळी अनेक कामं चालवणारा थ्रेड क्लास अजूनही ट्यूपल आणि डिक्शनरी वेगवेगळ्या पॅरामीटरमध्ये मागतो, थेट ॲप्लायच्या वळणावर. ते जुनाट दिसतं, पण त्यात नावं एकमेकांवर आदळत नाहीत. असिंक-आयओ लायब्ररीचं, फंक्शन लवकरच चालवायला रांगेत लावणारं कॉल-सून तर नावानिशी आर्ग्युमेंट पुढे नेतच नाही, त्यासाठी पार्शल (फंक्शनला आर्ग्युमेंट आधीच जोडून ठेवणारी सोय) वापरा म्हणतं. नावांची जागा त्याने स्वतःच्या पर्यायांसाठी राखून ठेवली आहे.

रॅपरमागे आतल्या फंक्शनचं नाव आणि डॉकस्ट्रिंग (त्यातच लिहिलेली माहिती) झाकले जाऊ नयेत म्हणून २००६ पासून रॅप्स हा डेकोरेटर आहे, आणि ३.३ पासून सिग्नेचर शोधणारं हत्यारही त्यातून आरपार पाहतं. टाइप चेकर मात्र बराच काळ आंधळाच होता. रॅपर लावला की आत काय चालतं आणि काय चालत नाही, याचा त्याला पत्ता नसे. ही उणीव २०२१ च्या ३.१० मध्ये पॅरामस्पेकने भरून काढली. आतल्या फंक्शनचं अख्खं सिग्नेचर एका नावात धरायचं आणि रॅपरच्या दोन्ही स्टारवर तेच लावायचं. एकावरच लावलेलं चालत नाही.

पण पॅरामस्पेकच्या दोन स्टारांच्या मध्ये ‘प्रयत्न’ असा स्वतःचा नावानिशी पॅरामीटर घुसवायला गेलं, तर चेकर साफ नकार देतो, कारण आतल्या फंक्शनलाही त्या नावाचा पॅरामीटर असू शकतो. आतल्या पॅरामीटरच्या आधी जोडायची मुभा आहे ती फक्त जागेनुसार घ्यायच्या पॅरामीटरना. त्यामुळे किती वेळा पुन्हा हाक मारायची हा आकडा हल्ली रॅपरला न देता, रॅपर बनवून देणाऱ्या बाहेरच्या फंक्शनला द्यायची पद्धत पडली आहे.